‘क्वाइट गुड’ म्हणजे नेमकं किती गुड?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वरिष्ठांनी अहवालावर ‘क्वाइट गुड’ असा शेरा लिहिला. शब्दकोशात ‘क्वाइट’चा पहिला अर्थ ‘अगदी, पूर्णपणे’ असा सापडला, म्हणून विचारणाऱ्यांना आनंद झाला. शेजारी बसणारी सहकारी म्हणाली, “एवढं हुरळून जाऊ नका, ‘ठीक आहे, चालेल’ एवढाच त्याचा अर्थ.” मग खरं कोणाचं? आणि ‘व्हेरी’च्या जागी ‘क्वाइट’ लिहिलं तर चालतं का?

तुमच्या शेऱ्यापुरतं आधीच सांगून टाकतो. लिहिणाऱ्याचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं असेल तर तुमच्या सहकारी बरोबर आहेत. अमेरिकन वळणाचं असेल तर तुमचा आनंद बऱ्याच अंशी रास्त आहे. शब्दकोशही खोटं सांगत नाही. त्यात दिलेला अर्थ खराच आहे, पण ‘गुड’सारख्या शब्दाला तो सहसा लागू होत नाही, आणि हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं.

मी वीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतोय आणि नव्या भाषांतरकारांचं काम तपासतोय. जडजंबाल शब्दांना कोणी फारसं अडत नाही, कारण ते सगळेच शब्दकोशात बघतात. माणसं ठेचकाळतात ती असल्या चिमुकल्या शब्दांना. ते आपल्याला येतात अशी आपली खात्री असते, म्हणून बघितले जात नाहीत. ‘क्वाइट’ त्यातला सगळ्यात लबाड.

लबाड अशासाठी की त्याला स्वतःचा ठरलेला जोर नाही. ‘व्हेरी’ कुठेही गेला तरी जोर वाढवतो. ‘क्वाइट’ मात्र पुढे कोण उभं आहे ते बघून वागतो. कधी शंभर टक्के, कधी साठ टक्के. इंग्रजी व्याकरणकारांनाही त्याला एका खणात बसवता आलेलं नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचं इंग्रजीचं जे मोठं व्याकरण १९८५ साली आलं, त्यात जोर दाखवणाऱ्या क्रियाविशेषणांची वर्गवारी आहे. तिथे ‘क्वाइट’ दोन ठिकाणी येतो. एकदा ‘कम्प्लीटली’, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ यांच्यासोबत टोक गाठणाऱ्यांमध्ये, आणि एकदा ‘रादर’, ‘सॉर्ट ऑफ’ यांच्यासोबत जोर थोडा उतरवणाऱ्यांमध्ये. एकच शब्द चढवणाऱ्यांतही आणि उतरवणाऱ्यांतही.

आता तो कुठे कसा वागतो ते कसं ओळखायचं? विशेषणांकडे बघा. काही विशेषणं जिन्यासारखी असतात. हॉट, टायर्ड, यूसफुल, इंटरेस्टिंग, गुड. थोडं गरम, बरंच गरम, फार गरम अशा पायऱ्या चढता येतात. काही विशेषणं उंबरठ्यासारखी असतात. डेड, इम्पॉसिबल, राँग, फिनिश्ड, अलोन. तुम्ही उंबरठ्याच्या आत असता किंवा बाहेर असता. माणूस जास्त मेलेला किंवा कमी मेलेला नसतो. जिन्यावर ‘क्वाइट’ आला की तो मधल्या पायऱ्यांवर थांबतो: ‘क्वाइट टायर्ड’ म्हणजे बऱ्यापैकी दमलेला. उंबरठ्यावर आला की तो पुरता पलीकडे जातो: ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे सर्वस्वी अशक्य. ‘बऱ्यापैकी अशक्य’ नव्हे.

यात एक तिसरी जातही आहे. जिन्याच्या वरच्या टोकाला जाऊन बसलेली विशेषणं: ब्रिलियंट, एक्झॉस्टेड, एक्स्ट्रॉर्डिनरी, फ्रोझन. ती आधीच वर पोचलेली असल्यामुळे ‘क्वाइट’ त्यांना खाली खेचत नाही, उलट शिक्कामोर्तब करतो. त्यामुळे एक गंमत होते. ‘क्वाइट टायर्ड’ माणूस अजून तासभर काम करू शकेल. ‘क्वाइट एक्झॉस्टेड’ माणूस पार गळून गेलेला असतो. ‘क्वाइट गुड’ हे जेमतेम कौतुक आणि ‘क्वाइट ब्रिलियंट’ ही तोंडभरून स्तुती. दोन्हीकडे ‘क्वाइट’ तोच. तुमच्या शेऱ्यात दुसरा शब्द ‘एक्सलंट’ असता तर सहकाऱ्यांना बोलायला जागाच उरली नसती.

शंका आली तर मी एक साधी तपासणी करतो. त्या विशेषणाआधी ‘व्हेरी’ लावून बघतो, मग ‘कम्प्लीटली’ किंवा ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लावून बघतो. ‘व्हेरी यूसफुल’ सहज जातं, ‘कम्प्लीटली यूसफुल’ कानाला खटकतं, म्हणजे ‘क्वाइट यूसफुल’ हा बऱ्यापैकीवाला. ‘व्हेरी फिनिश्ड’ जमत नाही, ‘कम्प्लीटली फिनिश्ड’ जमतं, म्हणजे ‘क्वाइट फिनिश्ड’ हा पूर्णपणेवाला. दहातल्या आठ वेळा ही तपासणी दगा देत नाही.

उरलेल्या दोन वेळांतच खरी मजा आहे. ‘डिफरंट’ घ्या. ‘व्हेरी डिफरंट’ चालतं, म्हणजे तो जिन्यावरचा असायला हवा. तरी ‘क्वाइट डिफरंट’चा अर्थ जवळजवळ नेहमी ‘पूर्णपणे वेगळा’ असाच होतो. ‘दॅट्स क्वाइट डिफरंट’ असं कोणी म्हणालं तर ‘ती गोष्टच निराळी’ असं मराठीत आणावं. ‘शुअर’ आणि ‘सर्टन’ यांचंही तेच. ‘आय अ‍ॅम क्वाइट शुअर’ म्हणणाऱ्याच्या मनात शंका नसते. इथे ‘मला बऱ्यापैकी खात्री आहे’ असं भाषांतर केलं की साक्षीदार एकदम डळमळीत होतो.

‘हॅपी’ तर दोन्हीकडे नांदतो. ‘आय अ‍ॅम क्वाइट हॅपी टु वेट’ म्हणजे थांबायला माझी काहीच हरकत नाही, अगदी खुशाल थांबेन. पण ‘आय अ‍ॅम क्वाइट हॅपी विथ द रिझल्ट’ म्हणजे निकालावर मी तसा समाधानी आहे, नाचण्याइतका नाही. पहिल्या वाक्यात ‘हॅपी’ तयारी सांगतो. तयारी असते किंवा नसते, म्हणजे तो उंबरठा झाला. दुसऱ्यात तो भावना सांगतो आणि भावनेला पायऱ्या असतात. विशेषण तेच राहिलं, पण वाक्यातलं त्याचं काम बदललं, आणि ‘क्वाइट’ त्या कामाप्रमाणे वळला. ‘सेफ’, ‘क्लिअर’, ‘फुल’ हेही असेच दुहेरी. ‘यू विल बी क्वाइट सेफ हिअर’ असं कोणी धीर द्यायला म्हणत असेल तर ते ‘अगदी सुरक्षित’ असतं. ‘बऱ्यापैकी सुरक्षित’ म्हणून कोणी कोणाला धीर देत नाही.

बोलताना आणखी एक खूण मिळते, ती आघाताची. ब्रिटिश बोलण्यात ‘इट वॉज क्वाइट गुड’ या वाक्यातला ठसका ‘गुड’वर पडला तर बोलणारा कौतुक करतोय, कदाचित थोडं नवल वाटून: “अरे, चांगलं निघालं की!” ठसका ‘क्वाइट’वर पडला आणि आवाज शेवटी अधांतरी राहिला, तर मागून ‘बट’ येणार हे धरून चाला. मराठीत आपण “तसं... बरं आहे” असं म्हणताना ‘तसं’ लांबवतो, त्याच जातीचं हे. कागदावर आघात दिसत नाही. म्हणून बोलण्यात ज्या शब्दाने कोणाचा गैरसमज होत नाही, तोच शब्द लेखी शेऱ्यात आला की दोन माणसं दोन अर्थ घेऊन बसतात.

अमेरिकन इंग्रजीत हा गुंता कमी आहे. तिथे ‘क्वाइट गुड’ हे सर्वसाधारणपणे ‘व्हेरी गुड’च्या जवळ जातं, आणि ‘बऱ्यापैकी’साठी ‘प्रिटी’ हा शब्द हाताशी असतो. त्यामुळे अमेरिकन माणसाने मनापासून केलेलं कौतुक ब्रिटिश माणसाला कोमट वाटतं, आणि ब्रिटिश माणसाने सौम्यपणे सुचवलेली नापसंती अमेरिकन माणसाला शाबासकी वाटते. दोघांची मातृभाषा एकच, हे विशेष. आपण मराठी बोलणारे इंग्रजीत ‘क्वाइट’ वापरतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याही मनात ‘खूप’ असतं, असा माझा अनुभव आहे. म्हणजे आपण न ठरवता अमेरिकन बाजूला जाऊन बसलेलो असतो.

पण ‘पूर्णपणे’ आणि ‘बऱ्यापैकी’ हे दोन अर्थ एका शब्दात आले कसे? इथे जरा मागे जावं लागतं. लॅटिनमधल्या ‘क्वाएटस’ म्हणजे ‘निवांत, विसावलेला’ या शब्दातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘मोकळा, सुटलेला’ असा अर्थ आला. देण्यातून, बंधनातून, आरोपातून मोकळा. ‘क्विट’, ‘अ‍ॅक्विट’, ‘क्विट्स’, आणि शांत या अर्थाचा ‘क्वायट’, ही सगळी त्याच घरातली भावंडं. आरोपी ‘अ‍ॅक्विट’ होतो म्हणजे सुटतो. दोघं ‘क्विट्स’ होतात म्हणजे हिशेब फिटतो. १४व्या शतकात इंग्रजीत क्रियाविशेषण म्हणून ‘क्वाइट’ आला तो या फिटण्याचा अर्थ घेऊन: काही बाकी न ठेवता, संपूर्णपणे. मराठीला हा प्रवास परका नाही. ‘साफ’ म्हणजे स्वच्छ. पण “मी साफ विसरलो” म्हणताना स्वच्छतेचा काही संबंध उरत नाही, काहीही शिल्लक नाही एवढंच उरतं. जुन्या इंग्रजीतलं ‘आय क्वाइट फरगॉट’ म्हणजे शब्दशः आपलं ‘साफ विसरलो’.

दुसरा, म्हणजे ‘बऱ्यापैकी’चा अर्थ पुष्कळ उशिरा, १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत रुळला. कसा रुळला असेल हे समजायला अवघड नाही. ‘पूर्णपणे’ हा शब्द माणसं ‘गुड’, ‘वॉर्म’, ‘प्रिटी’ अशा जिन्यावरच्या विशेषणांनाही लावू लागली. जिन्याला शेवट नसेल तर ‘पूर्णपणे’चा अर्थ काय घ्यायचा? ‘चांगला म्हणावा इतका चांगला’. तिथून ‘चांगलाच’, आणि तिथून घसरत ‘चांगला म्हणायला हरकत नाही’. जोराच्या शब्दांचं नशीबच असं असतं. वापरून वापरून धार जाते. ‘व्हेरी’ मुळात ‘खरा’ या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द. आज त्यात खरेपणा शोधून सापडत नाही. ‘रिअली’ त्याच वाटेवर निघालाय. आपल्याकडे ‘भयंकर सुंदर’ म्हणताना कोणाला भय वाटतं?

याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. १८००च्या आसपासची इंग्रजी कादंबरी भाषांतराला घेतलीत तर ‘क्वाइट’ दिसला की आधी ‘अगदी’, ‘पुरता’, ‘सर्वस्वी’ हे अर्थ लावून बघा. त्या काळची नायिका ‘क्वाइट वेल’ असते तेव्हा तिची तब्येत ठणठणीत असते. तिला आजच्या कानाने ‘तशी बरी’ करून ठेवलं तर पुढचा सगळा प्रसंग विनाकारण उदास होतो.

मला विचाराल तर मराठी माणसाला ‘क्वाइट’ समजायला सगळ्यात जवळचा शब्द ‘अगदी’ नाही, ‘बरा’ आहे. बघा ना. “तो बरा लिहितो” म्हणजे ठीकठाक लिहितो. “तो बरंच लिहितो” म्हणजे पुष्कळ लिहितो. “ताप बरा झाला” म्हणजे पूर्ण गेला. “आता बरा आहे” म्हणजे थोडा उतार आहे, अजून पांघरुणात आहे. एका ‘बरा’मध्ये ‘संपूर्ण’ही आहे, ‘पुष्कळ’ही आहे आणि ‘चालेल’ही आहे, आणि आपण कधी गोंधळत नाही, कारण वाक्यातली जागा बघून अर्थ आपोआप लागतो. ‘क्वाइट’च्या बाबतीत इंग्रजी माणसाचं तेच होतं. आपलं होत नाही, कारण आपण तो शब्द शाळेत एका अर्थासकट पाठ केलेला असतो.

आता नकाराकडे वळतो, कारण माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक तिथे झाली. सुरुवातीच्या वर्षांत एका रंगाच्या डब्यावरच्या सूचनांचं भाषांतर माझ्याकडे आलं होतं. वाक्य होतं, ‘आफ्टर वन आवर द सरफेस मे नॉट बी क्वाइट ड्राय.’ मी लिहिलं, “एक तासानंतर पृष्ठभाग अगदी कोरडा नसावा.” प्रत्येक शब्दाचा अर्थ शब्दकोशातला. मूळ वाक्य सांगत होतं की तासाभराने पृष्ठभाग पुरता वाळलेला नसण्याची शक्यता आहे, तेव्हा थांबा. माझं वाक्य सांगत होतं की पृष्ठभाग ओलसर असलाच पाहिजे. तपासणाऱ्या बाईंनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते प्रश्नचिन्ह मला अजून दिसतं. यात निम्मा दोष ‘नसावा’ या रूपाचा होता, कारण मराठीत ते अंदाजही सांगतं आणि आज्ञाही. पण ‘नॉट क्वाइट’ मला कळला असता तर मी ते रूप वापरलंच नसतं.

‘नॉट क्वाइट’ हा एकजीव शब्द समजा. अर्थ: जवळपास पोचलं आहे, पण पुरतं नाही. विशेषण जिन्यावरचं असो की उंबरठ्यावरचं, नकारात ‘क्वाइट’ नेहमी ‘पूर्णपणे’च्या अर्थानेच येतो, आणि ‘नॉट’ त्यातला शेवटचा थोडासा भाग काढून घेतो. ‘ही इज नॉट क्वाइट रेडी’ म्हणजे “त्याचं अजून थोडं आवरायचंय.” ‘नॉट क्वाइट टू हंड्रेड’ म्हणजे दोनशेला थोडे कमी. ‘आय डोंट क्वाइट अंडरस्टँड’ म्हणजे कळतंय थोडंफार, पण नीटसं नाही. मराठीत इथे ‘पुरता’, ‘नीटसा’, ‘तितकासा’, ‘अजून’ हे शब्द कामाला येतात. ‘अगदी’ बहुतेक वेळा येत नाही. “तो अगदी तयार नाही” असं आपण म्हणतच नाही, आणि “तो अगदीच तयार नाही” म्हटलं तर अर्थ उलटाच होतो: तयारीचा पत्ताच नाही. ‘अगदी’ला ‘च’ चिकटला की तो नापसंतीकडे झुकतो, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, तरी चुकत नाही.

ब्रिटिश सभ्यपणात ‘नॉट क्वाइट’ला आणखी एक काम असतं, ते म्हणजे विरोध मऊ करणं. ‘दॅट्स नॉट क्वाइट राइट’ असं बैठकीत कोणी म्हणालं, तर वरवर अर्थ ‘थोडं चुकतंय’ असा असतो. मनातला अर्थ बऱ्याचदा ‘साफ चूक आहे’ असा असतो. भाषांतरात मी सौम्यपणाच ठेवतो, “यात काहीतरी चुकतंय” असं लिहितो. बोलणाऱ्याने जो पडदा धरला तो मी का फाडावा?

नामाआधी येणारा ‘क्वाइट’ हे वेगळंच प्रकरण. ‘क्वाइट अ फ्यू’ हा सगळ्यात मोठा सापळा. नव्या भाषांतरकारांपैकी निम्मे तरी त्याचं ‘अगदी थोडे’ करतात. अर्थ बरोबर उलटा आहे: बरेच, पुष्कळ. ‘क्वाइट अ फ्यू पीपल केम’ म्हणजे बरीच माणसं आली. ‘क्वाइट अ लॉट’, ‘क्वाइट अ व्हाइल’, ‘क्वाइट सम टाइम’ हेही सगळे ‘बराच’च्या घरचे. आणि विशेषण नसताना नुसतं ‘क्वाइट अ’ आलं की कौतुक किंवा नवल समजावं. ‘इट वॉज क्वाइट अ डे’ म्हणजे “काय दिवस होता!”, चांगला की वाईट ते पुढच्या वाक्यात कळेल. ‘क्वाइट द एक्सपर्ट’ असं कोणी तुमच्याबद्दल म्हणालं तर बोलणाऱ्याचा चेहरा बघा, त्यात चिमटा असू शकतो.

शब्दांचा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘अ व्हेरी गुड बुक’ पण ‘क्वाइट अ गुड बुक’. ‘अ’ मागे जातो. बऱ्यापैकीच्या अर्थाने ‘अ क्वाइट गुड बुक’ असं लिहिलं तर व्याकरणाचा मोठा गुन्हा नाही, पण अडखळल्यासारखं होतं.

क्रियापदांनाही तोच जिन्या-उंबरठ्याचा हिशेब लागतो. ‘लाइक’ आणि ‘एन्जॉय’ यांना पायऱ्या आहेत, म्हणून ‘आय क्वाइट लाइक इट’ म्हणजे आवडतं तसं. ‘अ‍ॅग्री’ आणि ‘अंडरस्टँड’ यांना टोक आहे, म्हणून ‘आय क्वाइट अ‍ॅग्री’ म्हणजे पूर्ण सहमत. अमेरिकन माणूस या जागी सहसा ‘क्वाइट’ वापरतच नाही, ‘रिअली’ किंवा ‘कम्प्लीटली’ म्हणतो. आणि वाक्याच्या तोंडी येणारे ‘क्वाइट फ्रँकली’, ‘क्वाइट सिम्प्ली’, ‘क्वाइट लिटरली’ हे सगळे जोर चढवणारे. त्यात बऱ्यापैकी काही नाही.

ब्रिटिश संभाषणात कधी कधी उत्तर म्हणून नुसतं ‘क्वाइट’ येतं. समोरचा काही म्हणतो आणि हा मान हलवत ‘क्वाइट’ म्हणतो. त्याला मराठीत तयार जोडी आहे: “अगदी!” तितकंच आखूड आणि तितकंच ठाम. जरा जुन्या वळणाचं वाटतं, पण नाटकाच्या किंवा उपशीर्षकांच्या भाषांतरात हमखास भेटतं.

तुलनेच्या रूपांआधी मात्र ‘क्वाइट’ लावू नका. ‘क्वाइट बिगर’, ‘क्वाइट चीपर’ असं इंग्रजीत होत नाही. तिथे ‘मच’, ‘अ लॉट’, ‘अ बिट’ किंवा ‘रादर’ लागतो. अपवाद एकच, आणि तो मजेशीर आहे: आजारातून उठलेल्या माणसाबद्दल ‘क्वाइट बेटर’ चालतं. कारण तिथे ‘बेटर’ ही तुलना राहिलेली नसते, तो ‘खडखडीत बरा’ असा अर्थ असतो. मघाचा आपला “ताप बरा झाला” इथे पुन्हा भेटतो.

‘फेअरली’, ‘क्वाइट’, ‘रादर’, ‘प्रिटी’ यांचा चढता क्रम लोक नेहमी विचारतात. ब्रिटिश वापरात ढोबळमानाने ‘फेअरली’ सगळ्यात खाली, मग ‘क्वाइट’, त्याच्यावर ‘रादर’ आणि ‘प्रिटी’, आणि मग ‘व्हेरी’. ‘फेअरली गुड’ मिळालं तर चहा पिऊन पुन्हा कामाला लागा. पण क्रमापेक्षा ‘रादर’चा स्वभाव ओळखणं महत्त्वाचं. त्यात ‘हवं होतं किंवा वाटलं होतं त्यापेक्षा जास्त’ अशी छटा असते. ‘इट्स रादर हॉट’ म्हणणारा घाम पुसत असतो. मराठीत हे काम ‘फार’ करतो. ‘खूप गोड’ हे कौतुक असू शकतं. “फार गोड झालंय” म्हटलं की वाटी बाजूला सरकते.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, ‘व्हेरी’च्या जागी ‘क्वाइट’ चालेल का. माझं मत, नाही. निदान जिन्यावरच्या विशेषणांआधी नाही, आणि वाचणारा कुठल्या वळणाचं इंग्रजी वाचतो हे माहीत नसेल तर मुळीच नाही. कोणाचं काम तुम्हाला मनापासून आवडलं असेल तर ‘व्हेरी गुड’ लिहा. बेताचं वाटलं असेल तर काय कमी पडलं ते एका ओळीत लिहा. ‘क्वाइट’ हा बोलण्यातला शब्द आहे, आवाजाच्या आधाराने उभा राहतो. ‘राइट’, ‘शुअर’, ‘क्लिअर’, ‘इम्पॉसिबल’ यांच्याआधी तो लेखनातही बिनधोक आहे, तिथे खुशाल वापरा. आणि लिहिताना शेवटची दोन अक्षरं तपासा. ‘ई’ शेवटी हवा. ‘टी’ आणि ‘ई’ची अदलाबदल झाली की ‘क्वाइट गुड’चं ‘क्वायट गुड’ होतं, म्हणजे गप्प बसणारं चांगलं, आणि संगणकाची शब्दतपासणी ती चूक दाखवेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

तुमच्या शेऱ्याचा उलगडा अजून पुरता झाला नसेल, तर त्याच वरिष्ठांनी दुसऱ्यांच्या अहवालांवर काय लिहिलंय ते बघा. तिथे कुठे ‘व्हेरी गुड’ किंवा ‘एक्सलंट’ दिसलं, तर त्यांच्याकडे वरच्या पायऱ्यांसाठी वेगळे शब्द आहेत आणि तुम्हाला मधली मिळालीय. सगळ्यांनाच ‘क्वाइट गुड’ मिळालं असेल, तर ती त्यांची सही करायची पद्धत आहे.